चिवटपणाचं कौतुक करताना

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत ग्रिफिथ बक गुलाबांची पैदास करत. कडाक्याच्या थंडीत तगणारा झुडपी गुलाब त्यांना हवा होता. त्यांनी संकरात सैबेरियाचा रोझा लॅक्सा वापरला आणि रोपं उघड्यावर सोडली. हिवाळ्यात पांघरूण नाही, औषधाची फवारणी नाही. जगली ती निवडली. 1977 सालचा 'केअरफ्री ब्यूटी' हा त्यांचाच गुलाब.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर थंडीच्या जागी मीठ आहे आणि गुलाबाच्या जागी भात. बांध फुटला की खाडीचं पाणी शेतात शिरतं. पावसाने मीठ धुऊन जातं, पावसाने दडी मारली की पुन्हा वर येतं. अशा खारजमिनीत पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो राता, लाल तांदळाचा भात. पीक बेताचं, पण जातीचा चिवट. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात 'भुरा राता 4-10'चा संकर फिलिपिन्सच्या बुटक्या, भरघोस 'आयआर 8'शी झाला आणि 'पनवेल 1' हे वाण मिळालं.

बांध फुटलेल्या वर्षी असं बियाणं घर तारतं. प्रश्न पुढचा आहे: बियाणं मीठ सोसतं, म्हणून बांधाची दुरुस्ती लांबवली तर?

माणसांबाबत आपण हेच करतो. सर्व्हरवर लोड टेस्ट घेतो ती तो कुठे कोसळतो ते बघून दुरुस्त करायला. माणूस मात्र तीन रात्री जागून रिलीज काढतो, तेव्हा त्याला 'सॉलिड आहे' म्हणतो आणि पुढचं कामही त्यालाच देतो. जो सोडून गेला तो मेलेल्या रोपासारखा हिशेबातच येत नाही.

रोपाला शेत सोडून जाता येत नाही, त्यामुळे सोसणं हाच त्याचा मार्ग. माणसाला 'मीठ कोणामुळे आलं?' असं विचारता येतं. याच खारेपाटात, अलिबागजवळच्या चरीत, 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. संप 1939पर्यंत चालला. त्या काळात उपासमार झाली, तीही त्यांनी सोसली.

चिवट तेही होते. पण आपला चिवटपणा कशासाठी खर्च करायचा, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. कोणाला चिवट म्हणण्याआधी मी आता एवढंच बघतो: हे ठरवलं कोणी?