कुलूप कोणाचे?

गेल्या दिवाळीत मी लोणारला ताईकडे गेलो होतो. फराळ झाला आणि भाचा फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. त्यातला खेळ अडखळत चाले, म्हणून स्वारीने फोन 'रूट' केला होता. अँड्रॉइडच्या पोटी लिनक्स आहे, आणि लिनक्सच्या राज्यात 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी. ते पद मिळाले की चित्रे रंगवणाऱ्या चिपची वेगमर्यादाही वाढवता येते.

"मामा, पैसे आपले, फोन आपला, मंग कुलूप दुसऱ्याचं काऊन?"

प्रश्न बिनतोड होता. विहीर विकत घ्यावी आणि रहाट मात्र विकणाऱ्याच्या ताब्यात राहावा, हा कुठला न्याय? मी मनोमन त्याच्या बाजूचा झालो.

इतक्यात स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "अरे, त्यातलं बँकेचं दोन दिवसांपासून उघडत नाही रे."

रूट केलेल्या फोनवर बँकांची पुष्कळशी ॲप्स चालण्याचे नाकारतात. सर्वाधिकाऱ्याला प्रत्येक कप्पा उघडा असतो, मग तो मालक असो की चोर. घरात फोन हा एकच. सोयाबीनचे पैसे जमा झाले की नाही, हे ताई त्यावरच पाहत असे. भाच्याची मान खाली गेली. 'आपला' या शब्दात आईही येते, हे तो विसरला होता.

संध्याकाळी आम्ही दोघे सरोवराच्या काठावर गेलो. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्टात पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर! झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते. बाहेर पडायला ओढा नाही, उन्हाने आटेल तेवढेच जाते. २०२० च्या जूनमध्ये खारेपणा वाढला आणि सारे पाणी गुलाबी झाले. तो रंग हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

मी म्हणालो, "तुझ्या फोनलाही ओढा नाही बाबा. पंखा नाही, उष्णता कातडीतूनच जायची. वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि उष्णता त्या दाबाच्या वर्गाने वाढते. मग चिप आपणच मंदावते."

म्हणजे काही कुलुपे व्यापाऱ्याची असतात, काही निसर्गाची. पहिली उघडण्याचा हक्क मालकाला असावा, असे मला आजही वाटते. दुसरी मात्र उघडत नाहीत. उघडल्याचा भास तेवढा होतो.

घरी येऊन त्याने मूळ प्रणाली परत बसवली. खेळातल्याच सोयीने चित्र १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणले. रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी झाले; खेळ सुरळीत चालू लागला. ताईचे बँकेचेही उघडले.

"चित्र जरा धूसर दिसतं, मामा," तो म्हणाला. पण खेळत राहिला.