वचन आणि वहिवाट

इ.स.पू. 587 च्या सुमारास जेरुसलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला होता. शहर शत्रूच्या हाती जाणार, असं उघड सांगितल्याबद्दल यिर्मया संदेष्टा राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला नि म्हणाला, अनाथोथचं माझं शेत तू घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझाच. अनाथोथ जेरुसलेमपासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. दाराशी फौज येऊन ठेपलेली असताना असल्या जमिनीला गिऱ्हाईक कुठलं? यिर्मयाने 17 शेकेल चांदी तोलून दिली, खतावर सही केली, साक्षीदार घेतले. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशा दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे सोपवल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द होता. मात्र व्यवहार उरकल्यावर यिर्मया स्वतःच देवापुढे बुचकळ्यात पडतो: शहर तर चाललं, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस!

इस्राएलला मिळालेलं भूमीचं वचन म्हटलं की आपल्याला देवाने करून दिलेलं बक्षीसपत्र आठवतं. संदेष्ट्यांच्या तोंडी ते तसं क्वचितच येतं. जमीन हातची जात असते तेव्हा वचन धीर देतं, आणि जमीन मुठीत असते तेव्हा तेच वचन जाब विचारतं.

या जाबाचं मूळ तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतच आहे. लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात देव बजावतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे म्हणून राहता. आपल्या भाषेत सांगायचं तर इस्राएल हे देवाचं कूळ. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कुळाला मालक केलं. लेवीयातलं कूळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या कसूनही कूळच राहतं.

राजालाही यातून सूट नाही. इस्राएलचा राजा अहाब याला इज्रेलमधल्या राजवाड्यालगतचा नाबोथचा द्राक्षमळा हवा होता, तोही भाजीपाला लावायला! वाडवडिलांचा वाटा देणार नाही, असं नाबोथ म्हणाला. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार करवलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तर समोर संदेष्टा एलीया उभा. (कोकणातले बेने इस्राएल यहुदी ज्या एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करतात, तो हाच.) पुढे घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर यशया आणि मीखा तुटून पडले, ते याच हिशेबाने. आमोस तर देवाच्या तोंडून विचारतो: मी तुम्हाला मिसरातून आणलं तसंच पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून आणलं नाही का? वचनावर मक्तेदारी सांगणाऱ्यांना याहून झोंबणारा प्रश्न मला दुसरा आठवत नाही.

तरीही या वचनाची एक काळी बाजू उरतेच. अनुवाद आणि यहोशवा या पुस्तकांत भूमी मिळण्याबरोबर तिथल्या कनानी लोकांच्या संहाराची आज्ञाही येते, आणि ती मजकुरातून कुणी खोडलेली नाही. कनानी माणसाच्या बाजूने हे वचन वाचलं की त्यातला धीर नाहीसा होतो. संदेष्ट्यांच्या न्यायबुद्धीने हा डाग धुऊन निघतो, असं मी म्हणणार नाही.

14 मे 1948 च्या इस्राएलच्या घोषणेत संदेष्ट्यांचा उल्लेख आहे, तो स्वातंत्र्य, न्याय आणि शांती यांच्या संदर्भात. पण पुढच्या राजकारणात ज्यांना सीमा हव्या होत्या, त्यांनी त्या बायबलमधूनच काढल्या. सीमा तिथे आहेतच. निर्वासितांमध्ये बसून यहेज्केल 47 व्या अध्यायात त्या तपशिलाने आखतो: पश्चिमेला मोठा (भूमध्य) समुद्र, पूर्वेला यार्देन नदी. आणि लगेच पुढे सांगतो की तुमच्यात राहणाऱ्या, तुमच्यात मुलंबाळं झालेल्या परक्यांनाही चिठ्ठ्या टाकून वतन द्या. ज्या वंशाच्या मुलखात तो परका राहतो, तिथेच त्याचा वाटा. नकाशा दाखवणारे बहुतेक जण यार्देनपाशी थांबतात, या ओळींपर्यंत येत नाहीत.