परदेशातील बिऱ्हाड

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदी हे स्टेशन लागते. नावापुढे जोडलेल्या ‘रेल्वे’ या शब्दामुळे ते वर्ध्यालगतच्या सिंदी (मेघे) हून निराळे ओळखले जाते. कापसाच्या या मुलुखातील मुले आता नागपूर-पुण्याच्या वाटेने थेट विलायत-जर्मनीस विद्यार्जनासाठी जातात. तेथे पोहोचण्यापूर्वीच त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो बिऱ्हाडाचा. हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असे सामान्यतः समजले जाते. आमच्या मते तो तितकाच नीतीचाही आहे.

सोयीचा भाग आधी पाहू. गांधीजी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. प्रारंभी ते एका कुटुंबात पैसे देऊन राहिले. पुढे खर्चाचा हिशेब काटेकोर मांडू लागल्यावर त्यांनी निराळ्या खोल्या घेतल्या, त्याही अशा ठिकाणी की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी जाता यावे. गाडीभाडे वाचले आणि फिरणेही घडले. त्यानंतर दोन खोल्यांच्या जागी एकच खोली आली व सकाळचे खाणे ते शेगडीवर स्वतः शिजवू लागले. पुढे १९३६ साली ते याच वर्धा जिल्ह्यातील शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. आपल्या कामास किती जागा पुरे, हा प्रश्न त्यांना दोन्ही ठिकाणी सारखाच लागू पडला. परदेशी जाणाऱ्याने हाच प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा. जर्मनीत भाड्याचे ‘थंड’ आणि ‘उबदार’ असे दोन आकडे सांगतात. पहिला केवळ जागेचा असतो. दुसऱ्यात घर उबदार राखण्याचा व इतर देखभालीचा खर्च मिळविलेला असतो. थंड आकड्यास भुलून करार करणारा विद्यार्थी पहिल्याच हिवाळ्यात अडचणीत येतो.

परंतु आकडे जुळले म्हणजे निवड संपली असे नाही. शेजार कोणाचा हवा? नवख्या माणसास आपल्या भाषेचा, आपल्या जेवणाचा शेजार हवासा वाटतो, यात गैर काही नाही. दुखण्याबाणण्यात तोच उपयोगी पडतो. तथापि आपल्या लोकांत राहण्याची इच्छा आणि इतरांस आपल्यात राहू न देण्याची इच्छा या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि पहिलीच्या आडून दुसरी केव्हा घरात शिरते हे पुष्कळदा कळतही नाही.

घर निवडणारा एकटा भाडेकरू नसतो. मालकही भाडेकरू निवडीत असतो. याचा सर्वांत कडू अनुभव डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. अमेरिकेत व लंडनमध्ये शिकून १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून घालवून दिले. तेच पुढे लंडनला परतले असता १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहिले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले. परक्या नगरात मिळालेला आसरा स्वदेशात मिळू नये, ही गोष्ट त्या स्मारकाच्या दर्शनास जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने मनाशी घोळवावी.

यावरून इंग्रज घरमालक सारेच उदार होते असे मात्र कोणी समजू नये. काळ्या-सावळ्या माणसास वर्णावरून खोली नाकारणे तेथे दीर्घकाळ चालले. १९६५ च्या वर्णभेदविरोधी कायद्यानेही घरांना हात लावला नाही, तो १९६८ च्या कायद्याने लावला. आपल्याकडे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास वस्तीत राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. पण “खोली कालच दिली हो,” एवढे गोड बोलून दार लावणाऱ्यास कायद्याने कसे धरावे? तेथे मालकाच्या विवेकावाचून दुसरा रखवालदार नाही.

म्हणून परदेशातील बिऱ्हाडाचा प्रश्न अखेर गावी येऊन ठेपतो. सिंदीसारख्या गावी बदलून आलेला मास्तर किंवा बँकेतील कारकून किरायाने खोली पाहू लागला, की भाड्याच्या आधी त्याचे आडनाव विचारले जाते, आणि आडनावाने समाधान न झाल्यास गाव व आहार. असे विचारणाऱ्या घरचाच मुलगा कदाचित त्याच वेळी सातासमुद्रापलीकडे एखाद्या दारात उभा असेल. तेथील घरवालीने त्याच्या वर्णाकडे न पाहता त्याची वागणूक व भाडे देण्याची ऐपत एवढेच पाहावे, अशी त्याच्या आईबापांची मनोमन प्रार्थना असते. ती प्रार्थना रास्तच आहे. मात्र जी कसोटी आपण आपल्या मुलासाठी परक्यांकडे मागतो, तीच आपल्या ओसरीवर आलेल्या परक्यास लावण्याची आपली तयारी हवी. ती नसेल तर आपण मागतो त्यास न्याय म्हणता येणार नाही; ती केवळ आपल्यापुरती सवलत होय.