आडत आणि ओझे

कलावंताने आपली कृती कलादालनाच्या मार्फत विकावी, की संगणकाच्या पडद्यावरून स्वतःच ग्राहकाच्या हाती द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा आहे. दालन म्हणजे प्रतिष्ठा आणि पडदा म्हणजे बाजार, अशी एक समजूत आहे. दालन म्हणजे दलाली आणि पडदा म्हणजे मुक्ती, अशी तिच्या उलटची समजूतही अलीकडे रूढ होत आहे. आम्हांस दोन्ही अपुऱ्या वाटतात. करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जो कोणी उभा राहतो, तो आपला हिस्सा कोणत्या अधिकाराने घेतो, हा मूळ प्रश्न आहे. आणि तो नीतीचा आहे.

निंबर्ग्यासारख्या तुरीच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना मध्यस्थ म्हणजे काय, हे ग्रंथांतून शिकावे लागत नाही. आळंदच्या किंवा कलबुर्गीच्या बाजारात तूर नेणारा शेतकरी आडत, हमाली, तोलाई या शब्दांचा अर्थ पुरता ओळखून असतो. तो आडत्याच्या नावाने बोटे मोडतो आणि मृग निघताच त्याच पेढीवर उचल मागावयास जातो. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. ज्याने बियाण्याला पैसे दिले, पाऊस गेला त्या वर्षी वसुलीची घाई केली नाही, भाव पडला तेव्हा माल आपल्या गोदामात ठेवून घेतला, त्याची आडत कोणाला बोचत नाही. जो नुसता काट्याजवळ उभा राहून टक्का कापतो, त्याची बोचते. हिस्सा घेणाऱ्याने ओझ्यातही हिस्सा घेतला पाहिजे, हे माप आपल्या बाजाराने केव्हाच ठरवून ठेवलेले आहे. कलेच्या बाजाराला तेच लावून पाहू.

आपल्या शेजारचे बिदरी काम घ्या. जस्तात थोडे तांबे मिसळून तो रस वाळूच्या साच्यात ओततात. निघालेले भांडे कानशीने घासून गुळगुळीत करतात, मग मोरचुदाच्या पाण्याने त्यावर तात्पुरता काळा रंग चढवतात, म्हणजे खोदलेली रेघ डोळ्यांना दिसावी. बारीक छिन्नीने हातानेच नक्षी कोरावयाची आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवावयाचा. अखेरीस किल्ल्यातील जुन्या वास्तूंमधली, ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागरासह पाण्यात कालवून तापल्या भांड्याला लावतात. धातू काळाभोर होतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते. या सर्व खटाटोपात कारागिराचा वेळ तर जातोच, पण चांदी त्याला आधी रोखीने घ्यावी लागते. २०२५ साली चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पार गेला आणि पुढेही चढतच राहिला. भांडे विकले जाईपर्यंत ते पैसे भांड्यात अडकलेले असतात. ओझे म्हणतो ते हे.

राजाश्रय होता तेव्हा हे ओझे दरबार उचलीत असे. पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्धात बहमनींनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली. तेव्हापासून निजामी राजवटीपर्यंत या कामाचे मोठे गिऱ्हाईक दरबार आणि अमीर-उमराव होते. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मर्जी गेली की कामही जात असे. तथापि १९४८ मध्ये ते संस्थान संपले आणि कारागीर व ग्राहक यांच्यामध्ये एम्पोरियम व व्यापारी आले. त्यांच्यात दोन जाती आहेत. एक वस्तू विकत घेऊन दाम मोजतो आणि मगच फळीवर मांडतो. दुसरा ती ठेवून घेतो व सांगतो, खपली की पैसे मिळतील. पहिल्याचा नफा मोठा असला तरी त्याची चांदी तेथे अडकलेली असते. दुसऱ्याने फळीची जागा तेवढी दिलेली असते.

चित्रांच्या दालनांतही हाच भेद आहे. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले आणि मराठी चित्रकाराच्या मनात त्याला पंढरीचे स्थान मिळाले. तेथील भिंत मिळण्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. कलबुर्गीच्या तरुणाला तर चित्रांच्या चौकटी, रेल्वेचे भाडे आणि मुंबईतला मुक्काम हे सारे पदरचे घालावे लागते. याच्या उलट उदाहरण केकू गांधी यांचे. त्यांचा व्यवसाय चित्रांना चौकटी करून देण्याचा. हुसेन, आरा यांसारख्यांची नावे लोकांना माहीत नव्हती त्या काळात त्यांची चित्रे गांधींनी आपल्या दुकानात मांडली. पुढे १९६३ साली जहांगीरच्याच इमारतीत त्यांचे केमोल्ड दालन सुरू झाले. अनोळखी चित्रकारासाठी आपली जागा आणि आपला शब्द खर्ची घालणे, ही आमच्या मते मध्यस्थाची खरी कमाई. अशा माणसाने निम्मा हिस्सा घेतला तरी तो अन्यायाचा म्हणवत नाही.

दालनांवाचून चित्रकार घरोघरी पोहोचू शकतो, ही गोष्टही आपल्याला नवीन नाही. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि देवादिकांची चित्रे कुडाच्या भिंतींवरही लागली. गुलबर्ग्यात १९१६ साली जन्मलेले एस. एम. पंडित सिनेमाच्या जाहिराती आणि दिनदर्शिका यांतून देशभर पसरले. त्यांचे चित्र भिंतीवर असलेल्या कितीतरी घरांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. वाण्याचे किंवा कारखान्याचे नाव मात्र चित्राखाली ठळक असे. प्रसार झाला म्हणजे ओळख झाली, असे होत नाही, हे त्यावरून दिसते.

आता पडद्याकडे वळू. त्याने केलेले उपकार नाकारणे हा कोतेपणा होईल. २०२० च्या टाळेबंदीत प्रदर्शने व पर्यटन ठप्प झाले, तेव्हा अनेक कारागिरांना मोबाईलवरच्या मागणीने हात दिला. ज्याला इंग्रजी येत नाही आणि महानगरातल्या दालनाची पायरी चढण्याचा संकोच वाटतो, त्यालाही दूरदेशीचे गिऱ्हाईक मिळू शकते. परंतु ओझ्याचे माप लावले की चित्र पालटते. छायाचित्र काढणे कारागिराकडे, वेष्टन कारागिराकडे. वाटेत पोचा पडला किंवा ग्राहकाचे मन बदलले तर परत आलेले भांडेही बहुधा त्याच्याच दाराशी. कंपनीचा टक्का दालनाहून कमी असेल, पण ती चांदी घेत नाही, वाट पाहत नाही आणि कोणाविषयी शब्द टाकत नाही. शिवाय बिदरीचा कस वजनात आणि स्पर्शात आहे. तार ठोकून बसवली आहे की वरून पांढरा मुलामा दिला आहे, हे बोट फिरवल्यावर उमगते. पडद्यावर दोन्ही सारखीच चमकतात आणि स्वस्त असेल ती आधी खपते.

आमचे आयुष्य शासनसेवेत गेल्यामुळे असेल, कायद्याच्या फटी आम्हांस लवकर दिसतात. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे ऑनलाइन मंचावरून माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी करावी लागे. ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली, ती राज्यांतर्गत विक्रीपुरती. आता सीमेवर राहणाऱ्यांनी याचा अर्थ पाहावा. बिदरच्या लहान कारागिराने या मार्गाने दूरच्या बंगळूरला भांडे पाठवले तर तो सवलतीत बसतो. हाकेच्या अंतरावरील उदगीरला पाठवले तर बसत नाही. ज्या रेषेचे कौतुक आपल्या घरांनी १९५६ पासून अनुभवले, ती या डबीलाही आडवी येते.

दुसरी गोष्ट पुनर्विक्रीची. हुसेन यांचा जन्म आपल्या पंढरपूरचा. त्यांचे १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. चित्रकार २०११ सालीच निवर्तले होते. आपल्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. दहा हजारांवरील पुनर्विक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला हिस्सा मिळावा, असे ते सांगते. पण तो अधिकार न्यूयॉर्कला चालत नाही, आणि चित्र, शिल्प, रेखाटन व मूळ हस्तलिखित यांच्यापलीकडेही जात नाही. सुरई घडविणारा त्यात कोठेच नाही. त्याला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे. ‘बिदरी’ या नावाला त्यामुळे संरक्षण आले. मात्र ते नाव गावाचे आहे, माणसाचे नव्हे. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बिदरी कामाला एक चेहरा आहे, हे पुष्कळांना प्रथमच कळले असावे.

आणि येथे आम्ही-तुम्ही, म्हणजे घेणारे, या व्यवहारात येतो. आपल्या भागात निवृत्तीचा समारंभ असो, पाहुण्यांचा सत्कार असो, की लग्नातला आहेर, बिदरी वस्तू देण्याची चाल आहे. मखमली पेटीवर दुकानाचे नाव सोनेरी अक्षरांत असते. पडद्यावरून मागवली तर खोक्यावर कंपनीचे असते. भाव पाडून घेण्यात आपण पटाईत आहोत. दुकानदाराने पाच टक्के सोडले नाहीत तर त्याच्यापुढेच मोबाईल काढून पडद्यावरची किंमत दाखवावयास आता कोणी लाजत नाही. त्या उतरलेल्या किमतीचा भार दुकानदार सोसत नाही, कंपनीही सोसत नाही. तो उतरत उतरत छिन्नी धरणाऱ्या हातापर्यंत जातो. स्वस्तात मिळाले म्हणून आनंदणारा ग्राहक हाही मग असा मध्यस्थ ठरतो, ज्याने हिस्सा घेतला आणि ओझे घेतले नाही.

यास्तव दालन की पडदा, या प्रश्नाला आमचे उत्तर एकाच बाजूचे नाही. आधी दाम मोजून घेणारे दालन आम्हांस पडद्याहून श्रेयस्कर वाटते. ‘खपली की पैसे’ म्हणणाऱ्या दालनाहून मात्र कारागिराने आपल्या मुलाच्या मोबाईलवरून केलेली विक्री बरी, कारण तेथे निदान ग्राहकाचा आवाज थेट त्याच्या कानी पडतो आणि रक्कम त्याच्या खात्यात येते. मोठ्या कंपनीच्या मंचाचा क्रम आम्ही या दोहोंच्या खाली लावू. हा क्रम कोणाला मान्य होणार नाही, हेही आम्ही जाणतो, विशेषतः तरुणांना.

असो. बिदरला जाणे आपल्यापैकी कोणाला अवघड नाही. चौबाऱ्याजवळ या कामाची दुकाने आहेत आणि ठोकण्याचा आवाज ऐकत गेले की कारखानेही सापडतात. आहेराची डबी तेथून घेताना अर्धी रक्कम आधी द्यावी, आणि नक्षी झाल्यावर तळाशी करणाऱ्याचे नाव कोरून मागावे. तळ बहुधा कोराच सोडलेला असतो.