झाडे तोडली, तरी ओढा का वाहिला नाही?



नवे कर्ज घेणे बंद केले म्हणून जुने कर्ज फिटत नाही, हे आपल्याला चांगले ठाऊक असते. जमीन आणि पाणी यांच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो. नुकसान थांबवले की भरपाईही झाली, असे आपण धरून चालतो.

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात मोकोबुलान हा डोंगराळ भाग आहे. तिथल्या एका लहान पाणलोटात पूर्वी गवत होते आणि ओढा बारमाही वाहत होता. १९६९ साली अभ्यासासाठी तिथे नीलगिरी लावण्यात आली. तिसऱ्या वर्षी ओढ्याचे पाणी घटल्याचे दिसले. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. १९८५ च्या सुमारास, झाडे सोळा वर्षांची झाल्यावर, ती सर्व तोडली गेली. तरीही ओढा पूर्वीसारखा बारमाही व्हायला आणखी पाच वर्षे लागली.

असे का झाले? पावसाचे पाणी आधी मातीत मुरते; मातीची तहान भागून उरते ते झिरपत ओढ्याला मिळते. गवताची मुळे फार खोल जात नाहीत आणि कोरड्या ऋतूत गवत वाळते. नीलगिरी मात्र बारा महिने हिरवी असते व तिची मुळे खोलवर जातात. वरचे पाणी कमी पडले तेव्हा तिने खालच्या मातीतला साठाही वापरला. म्हणून झाडे गेल्यावर पडलेला पाऊस प्रथम ती कोरडी माती भिजवण्यातच खर्ची पडला.

यात झाडाचा काय दोष? नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. ती आपल्या स्वभावाप्रमाणे वाढली. ती कुठे आणि किती लावायची, हे माणूस ठरवतो. लाकूड हवे, कागद हवा, या गरजाही खोट्या नाहीत. कागद आपणही वापरतो. प्रश्न एवढाच आहे की, वरच्याच्या लाकडासाठी खालच्याचे किती पाणी घ्यायचे, आणि कोणाला विचारून?

दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या जल कायद्यात याचे उत्तर शोधले. लाकडासाठी केलेली लागवड ओढ्या-नद्यांचे पाणी घटवते, असे मानून तिला परवाना लागू केला. माणसांच्या मूलभूत गरजांचे आणि नदी जिवंत राहण्यापुरते पाणी आधी राखून ठेवायचे, असेही ठरवले. ज्याला मागता येत नाही, त्याचाही वाटा आधी काढला.

मोकोबुलानचा ओढा सुरुवातीला पूर्वीसारखाच वाहत होता. तेव्हा कोणी विचारले असते, तर ‘काही बिघडलेले नाही’ असेच उत्तर मिळाले असते. आज विहिरीला पाणी आहे म्हणून आपले घेणे न्याय्य ठरत नाही. आपण उपसतो ते यंदाच्या पावसाचे, की आधीच्यांनी राखलेले आणि पुढच्यांच्या वाट्याचे, हे विचारायला हवे.

माणसांचेही असेच आहे. कोणाला वर्षानुवर्षे दुखावून आपण एक दिवस थांबतो आणि लगेच त्याने हसून बोलावे अशी अपेक्षा करतो. तो गप्प राहिला तर त्यालाच दोष देतो. थांबणे ही पहिली पायरी आहे. त्यानंतर देत राहावे लागते, आणि ओढा वाहू लागेपर्यंत धीर धरावा लागतो.