भाषा ओळखीची, देश परका

स्थलांतर करणाऱ्या मनुष्याकडून समाज जी पहिली अपेक्षा बाळगतो, ती मराठीत 'जुळवून घेणे' या शब्दांनी व्यक्त होते. सासरी निघालेल्या मुलीला, बदलीच्या गावी जाणाऱ्या नोकरदाराला आणि परदेशी चाललेल्या विद्यार्थ्याला वडीलधारी मंडळी हाच उपदेश करीत आली आहेत. या उपदेशात दोन गोष्टी अध्याहृत असतात. जुळवून घेण्याची जबाबदारी येणाऱ्यावर असते, ज्यांच्याकडे तो जातो त्यांच्यावर नसते; आणि किती जुळवून घ्यायचे याचे माप कोणीही सांगत नाही. ज्या गुणाला मर्यादाच नाही त्याला सद्गुण म्हणावे काय, हा नीतिविचारातील जुना प्रश्न येथे नव्या रूपाने उभा राहतो. इंग्रजी बोलणाऱ्या देशात स्थायिक होणाऱ्या भारतीयाच्या बाबतीत तो अधिक बिकट होतो. कारण तेथे भाषेची भिंत नसते, आणि भिंत नसली की आपण कोठे थांबावे हेही चटकन उमगत नाही.

दिल्लीतील मराठी कुटुंबांच्या अनुभवातून हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो. दिल्ली हे मुळात येऊन राहिलेल्यांचे शहर आहे. १९११ साली राजधानी येथे आणण्याची घोषणा झाली तेव्हापासून नोकरीनिमित्त आणि १९४७ नंतर फाळणीच्या आघातामुळे माणसे येथे येत राहिली. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत रुजू झालेला मराठी माणूसही त्यांतलाच. पहाडगंजातील नूतन मराठी शाळा, मंडळांचे गणेशोत्सव आणि १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेले साहित्य संमेलन, या त्याच्या वास्तव्याच्या खुणा होत. २०२५ साली डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा दिल्लीत भरले. मधल्या एकाहत्तर वर्षांत अशा अनेक घरांतील पुढची पिढी न्यू जर्सी, टोरांटो किंवा मेलबर्न येथे जाऊन राहिली आहे. या घरांत स्वयंपाकघराची भाषा मराठी, बाजाराची हिंदी आणि कचेरीची इंग्रजी अशी वाटणी दीर्घकाळ चालत आली. म्हणूनच मुलगा वा मुलगी परदेशी निघाली की 'भाषेची काही अडचण नाही' असे आईवडील समाधानाने सांगतात.

हे समाधान अर्धेच खरे आहे. जपान किंवा जर्मनीत गेलेला भारतीय भाषेत चुकतो तेव्हा त्याच्या परकेपणामुळे त्याला क्षमा मिळते. इंग्रजी भाषक देशात मात्र त्याचे व्याकरण निर्दोष असल्यामुळे ही सवलत त्याला मिळत नाही. विनंती करताना त्याने योजलेला थेट शब्द उद्धटपणा ठरतो, वरिष्ठापुढे बाळगलेले मौन अज्ञान ठरते, आणि न विचारता केलेली आपुलकीची चौकशी आगंतुकपणा ठरते. भाषेची चूक स्वभावाचा दोष म्हणून गणली जाते. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून नात्याची पायरी ठरवणाऱ्या मनाला सर्वांसाठी एकच सर्वनाम वापरताना एकीकडे मोकळीक वाटते आणि दुसरीकडे एक आधारही निसटतो. वडिलांच्या वयाच्या वरिष्ठाला पहिल्या नावाने हाक मारणे काही आठवड्यांत अंगवळणी पडते. परंतु त्या हाकेसोबत आदराविषयीची एक संपूर्ण कल्पना बाजूला ठेवावी लागते, याची जाणीव पुष्कळ उशिरा होते.

मराठी समाजाला हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच दोन स्त्रियांच्या आयुष्यांत भेटला होता. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू, असे सांगितले होते. जुळवून घेण्याची सीमा त्यांनी अशी प्रस्थानापूर्वीच आखून घेतली. तेथे त्यांनी आहाराचे नियम सांभाळले. थंडीसाठी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली, पण साडी सोडली नाही. १८८५ सालच्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानी केई ओकामी आणि सीरियातील सबात इस्लामबुली या सहाध्यायिनींसह त्या आपल्या वेशात बसलेल्या दिसतात. १८८६ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. आधीच नाजूक असलेली प्रकृती परदेशात अधिक ढासळली होती. परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंचा निर्धार वंदनीय आहे. तथापि तो निर्धार ज्या समाजाला उद्देशून होता, तो समाज समुद्रपार जाणाऱ्या स्त्रीकडे संशयाने पाहत होता, हे विसरता येत नाही. दिलेल्या शब्दाचे पालन हा त्यांच्या दृष्टीने धर्म होता. पण असा शब्द घेणाऱ्यांनी तिच्या कष्टांचा भार किती उचलला, हा प्रश्न उरतोच. आज मुलांनी परदेशात 'आपले' सर्व काही जसेच्या तसे जपावे अशी अपेक्षा करणाऱ्या घरांनाही तो विचारता येईल.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. त्याही १८८३ सालीच इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वरवर पाहता ही जुळवून घेण्याची परिसीमा होय. परंतु धर्म बदलूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, असे विचारून त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला. चेल्टनहॅमच्या विद्यालयात शिकवीत असताना पुरुषांना शिकवण्याबाबत धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती निमूटपणे मान्य केली नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, या आशयाचे उत्तर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना दिले. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. दोन्ही देशांची भाषा एकच. पण एकीकडे त्यांना राज्यकर्त्यांच्या आणि धर्मगुरूंच्या शिस्तीत राहावे लागले, तर दुसरीकडे स्त्रियांच्या संघटित कार्याचा मोकळा अनुभव मिळाला. १८८९ च्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात त्यांनी अमेरिकेची मनापासून स्तुती केली, तरी तेथील वर्णद्वेषाकडे डोळेझाक केली नाही.

दोघींच्या आचरणातील भेद असा की, आनंदीबाईंनी सीमा आधी आखली आणि ती पाळली. रमाबाईंनी ती प्रत्येक प्रसंगी विचाराने शोधून काढली. पहिल्या मार्गात निष्ठेचे बळ आहे, पण परिस्थितीने काही नवे शिकवले तर त्याला जागा कमी आहे. दुसऱ्या मार्गात विवेकाचे स्वातंत्र्य आहे, पण दोन्ही बाजूंचा रोष पत्करण्याची तयारी हवी. रमाबाईंना तो रोष इकडूनही मिळाला आणि तिकडूनही.

दिल्लीच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पैलू जोडला गेला. १९९७ साली जनरल इलेक्ट्रिक समूहाच्या वित्तसंस्थेने तेव्हाच्या गुडगावात परदेशी ग्राहकांसाठी सेवाकेंद्र उभारले आणि पुढील दशकात गुडगाव व नोएडा येथे अशी कॉल सेंटर्स वाढली. तेथे अनेक तरुण मुले अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे रात्री जागत, तेथील उच्चार गिरवीत, आणि दूरध्वनीवर कित्येकदा परके नाव धारण करीत. त्यांनी देश सोडला नव्हता. तरी नाव, उच्चार आणि झोप या तिन्ही गोष्टी पगाराच्या अटीत मोडत होत्या. जुळवून घेणे भूगोलावर अवलंबून नसते, ते सत्तेच्या आणि गरजेच्या नात्यावर अवलंबून असते, हे यातून कळते. नाटकातील पात्राचे नाव घेणारा नट प्रेक्षकांच्या संमतीने ते घेतो. येथे ऐकणाऱ्याला मात्र ते खरेच वाटावे, अशी योजना होती.

यावरून एक कसोटी सुचते. वेश, आहार, उच्चार, नमस्काराची रीत यांत बदल झाला म्हणून मनुष्य स्वतःला मुकत नाही. काळाच्या ओघात हे सारे मायदेशीही बदलतच असते. बदल लपवावा लागतो तेव्हा मात्र थांबून विचार करावा. जे नव्या देशात करतो ते दिल्लीतील आईवडिलांना सांगता येत नाही, आणि जे घरी मानतो ते नव्या शेजाऱ्यांपुढे उच्चारता येत नाही, अशी दुहेरी अवस्था दीर्घकाळ टिकली तर मनुष्य दोन्ही ठिकाणी पाहुणा होतो. रमाबाईंनी आपले मतभेद पत्रांतून उघडपणे मांडले, म्हणून त्यांचे बदल आणि त्यांचे नकार ही दोन्ही त्यांची स्वतःची राहिली.

अर्थात ही कसोटी एकट्या स्थलांतरितालाच लावणे अन्यायाचे होईल. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. २००५ पासूनच्या प्रवासी नागरिकत्वाच्या योजनेने ये-जा सुकर केली. परंतु त्यात मतदानाचा हक्क नाही आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभाही नाही. मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांना या कायद्यापेक्षा रात्री येणारा फोन महत्त्वाचा वाटतो, आणि त्या फोनवर मुलाने 'सगळे ठीक आहे' एवढेच म्हणावे, असे त्यांनाही नकळत वाटत असते. खरे ऐकण्याची तयारी त्यांनी दाखवली नाही, तर लपवण्याचा दोष केवळ मुलावर टाकता येणार नाही. ज्या देशाला त्याचे श्रम हवे असतात, त्या देशालाही त्याच्यासाठी आपल्या सवयींत थोडी जागा करावी लागेल.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. पकीप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. हिंदू म्हणून परत येण्याचा शब्द पाळलेल्या त्या मुलीला त्या परक्या घराने आपल्या माणसांत जागा दिली. जुळवून घेण्याचा भार तेथे एकट्या येणारीवर राहिला नव्हता.