रिकाम्या खुर्चीची साक्ष

“कॅमेरा काही लाच खात नाही,” असे आमचे एक सेवानिवृत्त शिरस्तेदार स्नेही परवा भुताखेतांचा विषय निघाला असता ठासून म्हणाले, आणि ज्यांची सारी हयात कोर्टकचेरीत गेली त्यांनी उलटतपासणीस उभ्याच न राहणाऱ्या साक्षीदाराची इतकी भलावण करावी, याचे मला नवल वाटले.

एकाच काचेवर दोन चित्रे घेणे वगैरे लबाड्या वाचकांस ठाऊकच आहेत. माझा प्रश्न आहे तो जेथे छायाचित्रकाराच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही, अशा चित्राचा. 1891 च्या डिसेंबरात इंग्लंडातील चेशायर परगण्यात, लंडनमध्ये घोडागाडीच्या धडकेनंतर निवर्तलेले लॉर्ड काँबरमियर यांचा दफनविधी काही मैलांवर चालू असता, सिबेल कॉर्बेट या बाईंनी लॉर्डांच्या वाड्यातील ग्रंथालयाचे चित्र घेतले. उजेड मंद असल्याने भिंग सुमारे तासभर उघडे ठेवले. आणि पुढे पाहतात तो डावीकडील उंच पाठीच्या खुर्चीत एक पुसट मस्तक, कॉलर आणि खुर्चीच्या हातावर टेकलेला उजवा हात! पायांचा मात्र पत्ता नाही. हे लॉर्डच, असे काहींनी ओळखलेही.

 

माझे म्हणणे असे की, छायाचित्र प्रकाशाची साक्ष देते, प्रसंगाची नव्हे. तासभर उघडी राहिलेली काच म्हणजे ज्यातील रोजच्या नोंदी फाडून टाकल्या आहेत आणि अखेरची शिल्लक तेवढी उरली आहे, अशी खतावणी होय. परलोकविद्येविषयी आस्था बाळगणारे पदार्थवैज्ञानिक विल्यम बॅरेट यांनीच प्रयोग करून दाखविले की, कोणी खुर्चीत थोडा वेळ बसून, चुळबुळ करून उठून गेला, तर असेच अर्धवट, पारदर्शक माणूस उमटते. कोणी नोकर येऊन टेकला असावा, हा त्यांचा तर्क.

येथेच निकालपत्रावर सही करण्याचा माझा इरादा होता. परंतु पुरुष नोकर झाडून सारे दफनविधीस गेले होते, अशी घरच्यांची जबानी होती. आणि तो नोकर कोण, हे काही सिद्ध झाले नाही. ‘असे घडू शकते’ आणि ‘असेच घडले’ यांतील जे अंतर मी शिरस्तेदारांच्या पदरात घालू पाहत होतो, ते माझ्याही पक्षास बाधते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. आमचा नोकर त्यांच्या भुताइतकाच बेपत्ता आहे. तरीही पारडी समान होत नाहीत. नोकर खुर्चीत बसतात हे जगास ठाऊक आहे, मृतात्मे बसतात हे शाबीत करण्याचा बोजा मात्र वादीवरच राहतो.

तेव्हा भुताचा दावा खर्चासह फेटाळावा, आणि नोकरावरील आरोप पुराव्याअभावी दप्तरदाखल करावा.